अँथियासचा थवा: माशांआधी घासांची सोय करा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे उत्तर कशाला धरून आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. पुण्यात तुमची चार बाय दोन बाय दोन फुटांची रीफ टाकी (प्रवाळांसह समुद्री मासे ठेवायची) दीड वर्षापासून चालू आहे. मऊ प्रवाळ, दोन क्लाउन मासे, एक यलो टँग मासा. मागच्या वर्षी पाच लायरटेल अँथियास आणले (अँथियास म्हणजे थव्याने राहणारे लहान रंगीत समुद्री मासे, लायरटेल ही त्यातली एक जात). आठ महिन्यांत एक उरला आणि तोही नर. आता पुन्हा थवा करायचा आहे. जात कोणती, किती आणायचे, नर-माद्यांचं प्रमाण काय, आणि मागच्या वेळी चुकलं कुठे, असं तुम्ही विचारलंय.

मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. जात आणि संख्या हे सोपे प्रश्न आहेत. पाचाचा एक कसा झाला ते उमगलं नाही, तर पुढचे सातही त्याच वाटेने जातील.

तुम्ही लिहिलंय की अंगावर डाग नव्हता, श्वास जलद नव्हता, फक्त महिना-दीड महिन्याने एकेक जण दिसेनासा झाला. चार मासे दोन दिवसांत गेले असते तर मी रोगावर संशय घेतला असता. असे अधूनमधून एकेक करून जातात तेव्हा उपासमार आणि मारहाण, ही दोनच कारणं मी धरते. अँथियासमध्ये ही दोन्ही एकाच घरची आहेत.

नात्याने हे गोब्र्याचे भाऊबंद. पण गोब्रा एकदा मोठा घास गिळतो आणि दिवसभर कपारीत बसून राहतो. अँथियासचं बरोबर उलट. समुद्रात ते खडकाच्या उतारावर प्रवाहाकडे तोंड करून उभे असतात आणि उजाडल्यापासून मावळेपर्यंत वाहत येणारे कोपेपॉडसारखे बारीक जीव एकेक करून टिपत राहतात. इवलासा घास, पण दिवसाला शेकड्यांनी. अंगात साठा नाहीच म्हटलं तरी चालेल. अशा माशाला सकाळी चिमूटभर आणि रात्री चिमूटभर टाकलं, तर तो खाताना जोरात दिसतो, आपल्यालाही बरं वाटतं, आणि तो हळूहळू वाळत जातो.

आता त्यात उतरंड आणा. दोन वेळच्या खाण्यात पंगत एकदाच बसते. वरचा नर आणि त्याच्या खालोखालची मादी प्रवाहाच्या तोंडाशी असतात, ते आधी खातात. शेवटच्या मादीपर्यंत घास पोचेतो निम्मं अन्न ओव्हरफ्लोमध्ये (पाणी फिल्टरकडे जायच्या वाटेत) गेलेलं असतं. ती बारीक होते. बारीक झाली की वरच्यांना तिला हाकलणं आणखी सोपं होतं. मग ती हीटरच्या मागे किंवा वरच्या कोपऱ्यात उभी राहते, तिथे अन्न येत नाही, म्हणून अजून बारीक. हा निव्वळ सासुरवास आहे, आणि त्यातून ती सुटते ती मरूनच. ती गेली की सगळ्यात खालची जागा रिकामी राहत नाही. तिच्या वरची आता शेवटची होते. पाचाचे चार, चाराचे तीन आणि शेवटी एक. तुमच्या टाकीत नेमकं हेच झालं असणार.

म्हणून माझं म्हणणं असं की अँथियास घ्यायचे ठरवलेत तर पैसे आधी खाण्याच्या व्यवस्थेवर आणि ते खाणं पचवणाऱ्या फिल्टरवर घाला. दिवसाला पाच-सहा वेळा खायला घालणं तुमच्या घरात जमणार नसेल, तर थवा आणूच नका. एकटा लायरटेल आणा. तो एकटा मजेत राहतो, उलट थव्यापेक्षा जास्त टिकतो.

नर-मादीचं बघू. अँथियास जन्माला मादी म्हणून येतात आणि थव्यातली वरच्या क्रमांकाची मादी पुढे नर होते. प्राणिशास्त्रज्ञ लेव्ह फिशेलसन यांनी लायरटेलवर केलेलं काम १९७० साली ‘नेचर’मध्ये आलं: थव्यातला नर काढला की मादी नर होते, आणि नर शेजारच्या काचेपलीकडून नुसता दिसत असला तरी हा बदल अडून राहतो. पुढे डग्लस शापिरो यांनी १९८० साली ‘सायन्स’मध्ये आणखी गमतीची गोष्ट मांडली. थव्यातून एकाच वेळी अनेक नर काढले, तर तितक्याच माद्या नर होतात, पण सगळ्या एकदम नाही, एकीनंतर दुसरी अशा रांगेने. म्हणजे उतरंड त्यांच्या हाडात मुरलेली आहे.

माझ्याकडे हे एकदा डोळ्यांदेखत झालं. नर उडी मारून गेला (जाळीचा एक कोपरा मी साफसफाईनंतर नीट बसवला नव्हता, दोष माझाच). तिसऱ्या दिवशी सगळ्यात मोठी मादी इतरांवर पंख फुलवून धावू लागली. दहा-बारा दिवसांत तिच्या नारिंगी अंगावर गुलाबी-जांभळी झाक चढली, छातीच्या पंखावर गडद ठिपका उमटला, आणि महिनाभरात पाठीच्या पंखाचा तो लांब काटा, ज्यावरून नर लांबूनही ओळखू येतो, वाढायला लागला. रंग बदलायच्या आधी स्वभाव बदलला, हे मला फार मजेशीर वाटलं होतं. संध्याकाळी फक्त निळे दिवे उरले की तोच मासा वरून खाली झेपावून पुन्हा वर जायचा, इंग्रजी ‘यू’ काढल्यासारखा, आणि बाकीच्या त्याच्याकडे बघत उभ्या.

यातून तुमच्यासाठी निघणारा अर्थ साधा आहे: नर विकत घ्यायची गरज नाही. दुकानातला रंगीत नर महाग असतो, वयाने मोठा असतो आणि नव्या टाकीत तो पहिल्या दिवसापासून दादागिरी करतो. सगळ्या माद्या घ्या, शक्य तितक्या लहान, जवळपास एकाच मापाच्या. त्यांच्यातली एक आपणहून नर होईल आणि तिचा क्रम बाकीच्यांनी आधीच मान्य केलेला असेल. दोन नर चार फुटांत नकोतच.

संख्येबद्दल ‘विषम संख्या घ्या’ असा एक तोडगा सगळीकडे ऐकू येतो. मला त्यात काही तथ्य दिसलेलं नाही. माशांना मोजता येत नाही, मारता येतं. तीन ही सगळ्यात वाईट संख्या, कारण दोघांचा सगळा राग एकीवर निघतो. तुमच्या टाकीचं गणित मांडा: काठोकाठ साडेचारशे लिटर, खडक-वाळू वजा जाता पावणेचारशे-चारशे. एवढ्यात लायरटेल असतील तर पाच, बार्टलेटसारखी लहान जात असेल तर सहा-सात. आणि मनाची तयारी ठेवा की वर्षभरात त्यातला एखादा जाईल. चार फुटांच्या टाकीत सातचे सात टिकले असं मी क्वचितच पाहिलंय. सहा फुटांची टाकी असती तर उत्तर वेगळं असतं, कारण मार खाणाऱ्या मादीला नजरेआड व्हायला जागा मिळते.

आता जाती. शास्त्रीय नावांची गेल्या काही वर्षांत बरीच उलटापालट झाली आहे; पूर्वी ‘स्यूडँथियास’मध्ये असलेले काही आता ‘नेमँथियास’मध्ये सापडतील, त्याने गोंधळू नका. दुकानात व्यापारी नावच चालतं.

लायरटेल तांबड्या समुद्रापासून मालदीव-लक्षद्वीप आणि पुढे जपान-ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेला आहे. आपल्याकडे सहज मिळतो, खायला लवकर शिकतो, काटक आहे. अवगुण एकच, पण मोठा: भांडकुदळ. नर पंधरा सेंटीमीटरपर्यंत जातो आणि मग चार फूट त्याला अंगणासारखे वाटतात.

बार्टलेट माझा आवडता. मार्शल बेटं आणि किरिबातीच्या भागातला, नऊ सेंटीमीटरच्या आत राहणारा, रोगाला बऱ्यापैकी टक्कर देणारा. लांबून येतो म्हणून महाग पडतो. इथे एक फसगत सांगते. मला एकदा एका दुकानात ‘बार्टलेट’ म्हणून पाच मासे विकले गेले, भाव निम्मा. अंग जांभळट, पाठ पिवळी, मला आनंदच झाला. घरी आणल्यावर एकानेही चार दिवस तोंड उघडलं नाही. नंतर कळलं की पेटी मालदीवहून आली होती. मालदीवच्या समुद्रात बार्टलेट राहतच नाही! ते इव्हान्सी होते, तोही जांभळा-पिवळाच, दिसायला देखणा आणि पाळायला अत्यंत अवघड. पाचही गेले. तेव्हापासून मी दुकानात पहिला प्रश्न विचारते तो ‘पेटी कुठून आली?’ हा. मालदीव, श्रीलंका किंवा आफ्रिकेहून आलेला मासा बार्टलेट असू शकत नाही.

डिस्पार लहान आणि गोड, आपसात कमी भांडतो. पण प्रवासात खचतो आणि उड्या फार मारतो. तुमची पहिली थव्याची फेरी यशस्वी झाली तर दुसऱ्या टाकीत जरूर करा. कार्बेरी मध्यम अवघड. टुका आणि पास्कालस हे जांभळे सुंदर मासे फोटोत बघावेत. चौकोनी डागवाला प्लुरोटीनिया खोल पाण्यातला, नर आडदांड; तुमच्या टाकीला नको. सनबर्स्ट म्हणून जो नारिंगी मासा मिळतो तो नावाला अँथियास असला तरी थव्यात राहत नाही, गुहेच्या छताला उलटा टेकून बसतो. एकटा ठेवायचा असेल तर फारच छान मासा.

थोडक्यात, बार्टलेट खात्रीने मिळाले तर सहा बार्टलेट. नाही मिळाले तर लहान पाच लायरटेल माद्या. दोन्ही जाती एकत्र करू नका.

जाता जाता: बाजारात मिळणारे जवळजवळ सगळे अँथियास समुद्रातून पकडलेले असतात. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या विळिंजम केंद्राने मार्शिया अँथियासची टाकीत पैदास करून दाखवली आहे. क्लाउनसारखे टाकीतच जन्मलेले अँथियास दुकानात दिसू लागले तर या उत्तरातला निम्मा भाग कुणाला वाचावा लागणार नाही. तोवर जो मासा तुम्ही विकत घेता तो आठवड्यापूर्वी खुल्या समुद्रात होता, हे धरून चाला.

म्हणूनच दुकानात घालवलेला वेळ महत्त्वाचा. मी पेटी आल्याच्या दिवशी कधीच मासे उचलत नाही. आगाऊ पैसे देते, आठवडाभर दुकानातच ठेवायला सांगते. काही दुकानदार नाक मुरडतात, मुरडू द्या. मग ठरवून दुपारच्या वेळी जाते, गर्दी नसताना, आणि आधी नुसती दहा मिनिटं टाकीसमोर उभी राहते. निरोगी अँथियास स्थिर राहत नाही, त्याचे डोळे सतत फिरत असतात, पाण्यातला प्रत्येक कण तो तपासतो. जो तळाशी बसलाय, जो पंप जिथे पाणी ओततो तिथे तोंड वर करून उभा आहे, जो शेपटी वर आणि डोकं खाली असा तोल सावरतोय, तो सोडून द्यायचा. शेवटचा प्रकार खोल पाण्यातून भराभर वर आणल्याने होतो. आतली हवेची पिशवी बिघडलेली असते, आणि घरी आणून ती सुधारेल या आशेवर पैसे घालू नका.

मग समोरून बघायचं, बाजूने नाही. बाजूने सगळे मासे चांगले दिसतात. मासा तुमच्याकडे तोंड करून वळला की डोक्यामागची पाठ बघा. ती गोलसर हवी. डोळ्यांच्या वर-मागे खळगा पडून पाठीची धार सुरीसारखी दिसत असेल तर तो बरेच दिवस उपाशी आहे. पोट आत गेलेलं एकवेळ चालेल, दोन दिवसांत भरतं. पाठ वाळलेली भरून येणं कठीण.

शेवटी दुकानदाराला त्या माशाला खायला घालायला लावायचं, तेही फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे इवले जीव). दुकानदार जिवंत आर्टेमिया टाकून ‘बघा कसा खातो’ म्हणेल. जिवंत आर्टेमिया तर मरणाच्या दारातला मासाही खातो. मायसिस तोंडात घेतला, चघळला आणि गिळला, हे तीन टप्पे बघा. घेऊन थुंकणारा मासा अजून तयार नाही. आणि ज्या टाकीत एकाच्याही अंगावर लालसर खरचटल्यासारखा चट्टा असेल, त्या टाकीतला एकही मासा घेऊ नका, कितीही छान दिसो. तो बहुधा युरोनेमा नावाच्या परजीवीचा असतो. अँथियास आणि क्रोमिसमध्ये हा नेहमीचा, तांब्याच्या औषधाला दाद न देणारा, आणि मासा नसतानाही टाकीत जगू शकणारा जीव आहे.

क्वारंटाइनबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, म्हणून केलं नसावं असं समजते. सहा अँथियाससाठी दीडशे लिटरची साधी टाकी पुरे: तळ उघडा, पीव्हीसी पाइपचे तुकडे (प्रत्येकाला स्वतंत्र, रात्री प्रत्येक मासा आपापलं भोक धरतो), एअरपंपावरचा स्पंज. तो स्पंज महिनाभर आधी तुमच्या संपमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) टाकून ठेवा. नाही तर दिवसाला पाच वेळा खाऊ घालणाऱ्या कोऱ्या टाकीत अमोनिया तिसऱ्या दिवशी मासे मारेल, रोगाची गरजच पडणार नाही. पिशवीतून सोडताना फार वेळ थेंबथेंब पाणी घालत बसू नका. लांबच्या प्रवासाची पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि साचलेला अमोनिया एकदम विषारी होतो. क्वारंटाइनची क्षारता आधीच दुकानाच्या पाण्याइतकी करून ठेवा, तापमान जुळवा आणि मासे सोडा.

दोन-तीन दिवस नीट खाऊ लागले की परजीवींवरचं तांब्याचं औषध सुरू. बांधीव तांब्याचं औषध असेल तर साधारण लिटरला दोन ते अडीच मिलिग्रॅम ही पातळी, पण बाटलीवर काय लिहिलंय ते आधी वाचा, कारण सुट्या तांब्याची पातळी याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते आणि घोटाळा झाला तर सगळे मासे जातात. पूर्ण मात्रा एकदम नको, चार-पाच दिवसांत चढवत न्या; एकदम चढवली की अँथियास खाणं सोडतात. मग पूर्ण मात्रेवर तीस दिवस, किटने रोज मोजून. तांबं चालू असताना अमोनिया बांधणारं कुठलंही कंडिशनर टाकू नका, दोन्ही मिळून विष होतं. कृमींसाठी नंतर प्राझिक्वांटेल, लिटरला अडीच मिलिग्रॅम, आठवड्याच्या अंतराने दोनदा. एवढं करायला दीड महिना जातो. जाऊ द्या.

खाण्याकडे येते, कारण माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे. माझं रोजचं वेळापत्रक असं: सकाळी साडेसातला मायसिस आणि कॅलेनस (एक प्रकारचे कोपेपॉड) एकत्र. अकरा, एक आणि साडेतीनला ऑटो फीडरमधून अर्ध्या मिलिमीटरच्या गोळ्या, दर वेळी अगदी थोड्या. संध्याकाळी सहाला चिरलेला जवळा. दिवे जायच्या आधी, साडेआठला, गाभोळी.

हो, जवळा आणि गाभोळी. परदेशी पाकिटांवर मी पहिली चार वर्षं भरपूर पैसे घातले. मग एकदा ठाण्याच्या बाजारात ओल्या जवळ्याची पाटी बघून डोक्यात प्रकाश पडला: हा तर पाण्यातून थव्याने तरंगणारा कवचवालाच जीव, अँथियासच्या जेवणाचा थोरला भाऊ. कोळीणमावशीला सांगून ठेवा की मीठ न लावलेला, सकाळचा हवा. घरी आणून आर.ओ. पाण्यात दोनदा धुवायचा, कात्रीने दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे करायचे (अँथियासचं तोंड दिसतं त्याहून लहान असतं), पातळ थर पसरून फ्रीझरला. सुका जवळा मात्र चालत नाही, मीठ आणि कडकपणा दोन्ही वाईट. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा मे महिन्यातच दोन-तीन महिन्यांचा साठा करून ठेवा.

गाभोळी बारीक दाण्याची बघून घ्यायची. पापुद्रा फाडून दाणे चहाच्या गाळणीत घ्यायचे आणि मिठाच्या पाण्याखाली, निथळणारं पाणी पांढरट दिसायचं थांबेपर्यंत, धुवायचे. हे नीट केलं नाही तर तेलाने स्किमरचा (फेस करून पाण्यातला मळ काढणाऱ्या यंत्राचा) फेस तासभर बसतो. धुतलेले दाणे झिपच्या पिशवीत पोळीसारखे चपटे करून गोठवायचे आणि रोज नखाएवढा तुकडा मोडायचा. वितळून प्रवाहात सोडला की नारिंगी ठिणग्यांसारखे दाणे टाकीभर पसरतात आणि अगदी खालच्या मादीच्याही वाट्याला येतात. चरबी भरपूर, त्यामुळे वाळलेला मासा यावर लवकर भरतो. बाजारच्या ताज्या मालातून रोग यायचा धोका शून्य नाही. गोठवल्याने कमी होतो, संपत नाही. तो मी पत्करलाय, तुम्ही तुमचं ठरवा. आणि नुसत्या जवळ्यावर ठेवू नका. आठवड्यातून तीनदा त्यात मत्स्यालयाचं जीवनसत्त्वांचं द्रावण मुरवा. नारिंगी रंग टिकायचा तर अन्नात अॅस्टाझँथिन हे रंगद्रव्य हवं, ते मायसिस, कॅलेनस आणि चांगल्या गोळ्यांतून मिळतं.

खाणं टाकायची जागाही महत्त्वाची. वेव्हमेकरच्या (टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) तोंडासमोर टाका, म्हणजे ते टाकीच्या लांबीभर वाहत जाईल आणि पंगत एका टोकाला न बसता लांब पसरेल. माझ्याकडे एका खालच्या मादीला वाचवलं ते एवढ्याच बदलाने: ऑटो फीडर डावीकडून उचलून मध्ये नेला.

आता या सगळ्याचा मळ कुठे जाणार? मासे आणायच्या आधी एक महिना, आहेत त्या माशांना वरच्या वेळापत्रकाने घाला, प्रमाण हळूहळू अँथियास असल्यासारखं वाढवा, आणि दर रविवारी नायट्रेट-फॉस्फेट मोजा. नायट्रेट लिटरला वीस मिलिग्रॅमच्या आत आणि फॉस्फेट ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास राहिलं तर टाकी तयार आहे. नाही राहिलं तर स्किमर मोठा करा, संपमध्ये किटोमॉर्फा शेवाळ वाढवा, पाणीबदल वाढवा, आणि पुन्हा महिनाभर बघा. महिनाभर तुमचा टँग लठ्ठ होईल, बाकी काही बिघडत नाही. या एका चाचणीने कित्येकांचे मासे वाचतील, कारण त्यांना मासे न आणताच कळेल की आपल्याला हे झेपणार नाही.

बाकी पाण्याचं नेहमीचंच: क्षारता (विशिष्ट गुरुत्व) १.०२५-१.०२६, तापमान २५-२६ अंश सेल्सियस. पुण्यातही एप्रिल-मेमध्ये पंख्यावर भागत नाही, चिलर लागतो. वीज गेली तर निदान वेव्हमेकर आणि एअरपंप इन्व्हर्टरवर. प्रवाळांची अँथियासना गरज नाही. त्यांना खडकात भोकं आणि वर मोकळं पाणी हवं. तेव्हा थव्यासाठी म्हणून कुणी कठीण प्रवाळ गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. आपल्याकडे ते २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. आणि वर जाळी, चारही कोपरे घट्ट. मी वर सांगितलंच.

राहिला तुमचा उरलेला नर. तो चालू, रुळलेल्या टाकीचा मालक आहे. नव्या लहान माद्या त्याच्यासमोर सोडल्या तर पहिल्या दुपारीच दोघी कोपऱ्यात दिसतील. दोन मार्ग आहेत. कुणी चांगला घेणारा असेल तर देऊन टाका आणि कोरी सुरुवात करा. मी हेच केलं असतं. आणि बार्टलेट घेणार असाल तर दुसरा मार्गच नाही. ठेवायचाच असेल तर लायरटेल माद्याच आणा, आणि त्या क्वारंटाइनमधून यायच्या दोन आठवडे आधी त्याला संपमध्ये किंवा दुसऱ्या टाकीत हलवा. खडकांची मांडणी थोडी बदला. माद्या मुख्य टाकीत सगळ्या एकाच वेळी सोडा, दिवे बंद करून, आणि त्या आठवडाभर मोकळेपणी खाऊ लागल्यावर नराला भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात, त्याच टाकीत टांगा. पहिले दिवस तो काचेला धडका देईल. हळूहळू धडका थांबतील आणि तो डब्यातच पंख फुलवून वर-खाली झेपा घेऊ लागेल, माद्या डब्याजवळ घुटमळतील. एवढं दिसलं की संध्याकाळच्या गाभोळीच्या वेळी डबा उघडा, म्हणजे पहिली दहा मिनिटं सगळ्यांची तोंडं कामात असतील. तरीही एखादीचे पंख दुसऱ्या दिवशी फाटलेले दिसले, तर त्याला परत डब्यात घाला आणि आणखी एक आठवडा थांबा.